सभेची नोटीस कोण वाचतो?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे ‘नागरिकत्व आणि आपण’. विषय मोठा आहे आणि त्यावर माझ्यापेक्षा जाणकार माणसे उद्या बोलणार आहेत. मी फक्त माझ्या कामाबद्दल बोलेन. गेली नऊ वर्षे मी एका गृहनिर्माण सोसायटीची सेक्रेटरी आहे. ४८ फ्लॅट, दोन लिफ्ट, त्यातली एक बहुतेक वेळा बंद. निम्मी घरे मुस्लिम, निम्मी इतर.

आधी हात वर करा. सोसायटीत कोण कोण राहते? बरेच आहेत. आता सांगा, सोसायटीच्या वार्षिक सभेला आजवर एकदा तरी कोण गेले आहे? चार हात. त्यात मुलगी एकच. मला हेच बोलायचे आहे.

सोसायटी म्हणजे मेंटेनन्स गोळा करणारे ऑफिस, असे आपल्याला वाटते. ती महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० या कायद्याखाली नोंदलेली संस्था असते. तिथे सभासदाला मत एकच. ज्याचा फ्लॅट चार खोल्यांचा त्यालाही एक, आणि ज्याचा एका खोलीचा त्यालाही एक. संसदेची निवडणूक पाच वर्षांनी येते, ही सभा दरवर्षी येते. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे ज्याला आपण बायलॉज म्हणतो त्यानुसार, सभेचा कोरम एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यातला जो आकडा कमी असेल तो. आमच्याकडे २० माणसे वेळेवर कधीच येत नाहीत. मग सभा तहकूब होते, अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते आणि त्या सभेला कोरम लागत नाही. म्हणजे नऊ माणसे ४८ घरांचा निर्णय घेतात. त्या नऊ जणांत आपण नसतो आणि नंतर वर्षभर जिन्यात उभे राहून कुरकुर करतो.

आता दुखऱ्या जागेकडे येते. तुमच्यापैकी अनेकांनी भाड्याने घर शोधले असेल. एजंट फोनवर छान बोलतो. नाव सांगितले की थोडा थांबतो आणि म्हणतो, ‘‘सोसायटीचा रूल आहे, आपल्या हातात काही नाही.’’ हा रूल बहुतेक ठिकाणी कुठेही लिहिलेला नसतो. आदर्श उपविधींनुसार घर विकताना सोसायटीची एनओसी लागत नाही. घर भाड्याने द्यायचे असेल तर सभासदाने आठ दिवस आधी कळवायचे असते, परवानगी मागायची नसते. हस्तांतर शुल्क महापालिका हद्दीत जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येते आणि भाडेकरू ठेवला म्हणून लावायचा आकार सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त असू शकत नाही. सभासदत्व खुले असावे हे तत्त्व तर कायद्याच्या २३व्या कलमातच आहे.

पण कायद्याकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नका, हेही सांगितले पाहिजे. अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. संविधानाच्या १५व्या कलमात दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव, रस्ते यांचा उल्लेख आहे, राहत्या खासगी घराचा नाही. घरमालकाने धर्म बघून घर नाकारले तर त्याला अडवणारा स्वतंत्र कायदा आपल्या देशात आजही नाही. तो व्हावा ही मागणी आपण केली पाहिजे, पण तोवर काय?

तोवर मी एकच गोष्ट सांगते : लेखी मागा. तोंडी नकाराला मालक नसतो. ‘सोसायटीचा रूल’ म्हणणाऱ्याला विचारा, कोणत्या सभेत ठराव झाला, सूचक कोण, अनुमोदक कोण, इतिवृत्ताची प्रत द्या. मी जवळून पाहिलेल्या दोन प्रकरणांत विषय तिथेच संपला, कारण कागदावर सही करायला कोणी तयार झाले नाही. तिसऱ्या प्रकरणात तो मुलगा कंटाळला आणि दुसरीकडे राहायला गेला. त्याला मी दोष देत नाही. नोकरी सांभाळून माणूस किती ठिकाणी भांडणार?

आणि सभेच्या खोलीत कोण बसले आहे यानेही फरक पडतो. ज्या शेजाऱ्याने उन्हाळाभर टँकरचा हिशेब ठेवला, रात्री अकरा वाजता पंप दुरुस्त करणाऱ्याला बोलावून आणले, त्याच्या समोर बसून ‘‘त्यांच्या लोकांना घर नको’’ असे म्हणायला जीभ अडखळते. हे दरवेळी घडते असे नाही. पण आपण खोलीतच नसलो तर अडखळण्याचे काही कारणही उरत नाही.

नाकारलेली माणसे कुठे जातात, तेही बघा. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुस्लिम कुटुंबे मुंब्र्याला गेली. आपल्या माणसांत झोप तरी शांत लागेल, एवढीच अपेक्षा. ते गाव एका झपाट्यात वाढले आणि जागेच्या गरजेवर बेकायदा बांधकामे उभी राहिली. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाट्याला एक अनधिकृत इमारत कोसळली. वरचे मजले बांधून व्हायचे होते आणि खाली माणसे राहायला आलेली होती. ७४ जण गेले. सुरक्षितता शोधताना बांधकाम परवाना विचारायचे राहून जाते, इतकी घराची घाई असते. म्हणून ‘आपली वस्ती’ म्हटले की माझा पहिला प्रश्न असतो : सोसायटी नोंदली आहे का? रेराच्या नियमांप्रमाणे ५१ टक्के घरांची नोंदणी झाली की तीन महिन्यांत बिल्डरने सोसायटी स्थापन करायची असते. तो टाळत असेल तर घर घेणाऱ्यांनी एकत्र येऊन उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. ‘‘बिल्डर आपल्याच बिरादरीचा आहे’’ हे उत्तर मी फार वेळा ऐकले आहे. बिरादरीने जमीन सोसायटीच्या नावावर होत नाही.

आता आरसा आपल्याकडे वळवते. एका पूर्ण मुस्लिम इमारतीत नर्सिंग करणाऱ्या दोन मुली घर बघायला आल्या होत्या. एक साताऱ्याची, एक लातूरची, दोघी हिंदू. उत्तर मिळाले, ‘‘इथे फक्त फॅमिली.’’ त्याच इमारतीत तलाक झालेल्या आमच्या एका आपालाही हेच ऐकवले होते. शब्द बघा, ‘‘सोसायटीचा रूल आहे.’’ आपल्याला जो शब्द टोचतो तोच आपण किती सहज वापरतो! स्वतःच्या इमारतीत हे बोलायची हिंमत नसेल तर बाहेर समतेची मागणी करताना आवाजात जोर येत नाही.

बायकांचा विषय निघालाच आहे तर. घरी जाऊन शेअर सर्टिफिकेट बघा. पहिले नाव कोणाचे आहे? संयुक्त सभासदत्वात मताचा हक्क पहिल्या नावाला असतो. अम्मीचे नाव दुसरे असेल तर अब्बा हजर असताना तिला मत नाही. ११ जणांच्या समितीत स्त्रियांसाठी दोन जागा राखीव असतात, आणि त्या भरल्या तरी सही बाईची, हजर नवरा, हे मी पाहते. तसेच नॉमिनेशनचा अर्ज भरला आहे का ते बघा. आमच्या सोसायटीत एक भाई अचानक वारले. अर्ज भरलेला नव्हता. त्यांच्या बेगम वर्षभर कागद घेऊन फिरल्या आणि त्या काळात दीर घरात येऊन बसले. नॉमिनेशनने वारसाहक्क मिळत नाही, हिस्से वारसा कायद्यानेच ठरतात. नॉमिनीने घर वारसांसाठी सांभाळायचे असते. पण सोसायटीने पत्रव्यवहार कोणाशी करायचा हे तरी स्पष्ट राहते. दोन मिनिटांचे काम आहे.

कुर्बानीबद्दल विचाराल हे मला माहीत आहे. २०२३ साली बकरी ईदच्या तोंडावर मुंबईतल्या एका सोसायटीचा वाद उच्च न्यायालयात गेला. महापालिकेची परवानगी नसेल तर आवारात कुर्बानी होऊ देऊ नये, असे न्यायालयाने सांगितले. म्हणजे परवानगी द्यायची महापालिकेने; शेजाऱ्याच्या हट्टावर किंवा आपल्या हट्टावर ती मिळत नाही. आम्ही हा विषय ईदच्या आठवड्यात काढत नाही. दोन महिने आधी सभेत ठेवतो : पार्किंगमध्ये बकरे बांधायचे का, किती दिवस, साफसफाई कोणाची. कुर्बानी महापालिकेने ठरवलेल्या ठिकाणी सगळे मिळून करतो. पहिल्या वर्षी तीन तास वाद झाला. मागच्या वर्षी तो विषय दहा मिनिटांत आटोपला आणि पुढचा अर्धा तास लिफ्टवर गेला.

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि नोटीस पूर्ण १४ दिवस आधी. तुमच्या इमारतीत ती लिफ्टशेजारच्या फळ्यावर लागली असेल, बहुधा केबलवाल्याच्या पत्रकाखाली. आदर्श उपविधींच्या पाच प्रती मी मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, चहाच्या सुट्टीत चाळा, पण परत ठेवा, मला त्या पुढच्या शिबिरात लागतील. आता प्रश्न विचारा. ज्या मुलीने मघाशी हात वर केला होता तिच्यापासून सुरू करू.