वेबसाइट सांभाळायची कोणी?

हिंजवडीला लागून, मुळशी तालुक्यात माण हे गाव आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्क हिंजवडी आणि माण या दोन्ही गावांच्या शिवारात पसरलेलं आहे. जगभरातल्या कंपन्यांची संगणकाची कामं या परिसरात चालतात. मी मात्र आज बोलणार आहे ते ग्रामपंचायत, शाळा, पतसंस्था यांच्या वेबसाइटबद्दल. उद्घाटन थाटात होतं आणि दोन वर्षांनी पाहावं तर पहिल्या पानावर बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचा फोटो आणि मुदत संपलेली निविदा!

यावरचा उपाय म्हणून कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे सीएमएस, सुचवली जाते. तिच्यात मजकूर एकीकडे साठवलेला असतो आणि पानाची मांडणी दुसरीकडे. त्यामुळे कार्यालयातला लिपिकसुद्धा प्रोग्रॅमिंग न शिकता सूचना टाकू शकतो. लिहिणारा, तपासणारा आणि प्रसिद्ध करणारा, अशा तिघांना वेगवेगळे अधिकार देता येतात. 2001 मध्ये आलेलं ड्रुपल आणि 2003 मध्ये आलेलं वर्डप्रेस ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत मिळतात. पैसे लागतात ते सर्व्हरला, सुरक्षेला आणि देखभालीला.

पण सॉफ्टवेअरची निवड ही नंतरची गोष्ट. आधी एक साधा तक्ता करावा. पहिल्या रकान्यात पानाचं नाव, दुसऱ्यात मजकूर कोण देणार, तिसऱ्यात कोण तपासणार, चौथ्यात तो कधी बदलायचा किंवा काढायचा. ग्रामपंचायतीचं उदाहरण घ्या. घरपट्टी-पाणीपट्टीचे दर वर्षाला एकदा तपासले तरी चालतील. पाणी बंद असल्याची सूचना मात्र त्याच दिवशी लागली पाहिजे आणि पाणी आलं की निघाली पाहिजे. ग्रामसभेची सूचना सभेनंतर हटवावी, इतिवृत्त मात्र जपून ठेवावं. यात कायद्याचीही बाजू आहे. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 मधल्या कलम 4 नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी 17 बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची आणि ती दरवर्षी अद्ययावत ठेवायची असते.

मराठी वेबसाइटची एक खास अडचण आहे. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर नव्या सिस्टीममध्ये नेला की अगम्य चिन्हांची रांगोळी उमटते. तो युनिकोडमध्ये बदलून एकदा वाचून घ्यावाच लागतो, आणि या कामाचे दिवस वेळापत्रकात आधीच धरावेत. शिक्क्यासह स्कॅन केलेला कागद म्हणजे नुसतं चित्र. त्यातले शब्द शोधून सापडत नाहीत आणि अंध वाचकाचं स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. म्हणून मूळ मजकूर टाइप करूनच द्यावा.

अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं करावी. लोक ज्या पानांवर जास्त येतात ती आधी नव्या सिस्टीममध्ये न्यावीत. जुने पत्ते नव्या पानांकडे वळवावेत, नाहीतर लोकांनी जपून ठेवलेल्या लिंक बंद पडतात. किमान दोघांना प्रशिक्षण द्यावं, कारण एकाची बदली ठरलेलीच! डोमेन संस्थेच्याच नावावर असावं, पासवर्ड ठेकेदाराच्या खिशात राहू नयेत. बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, त्यातून साइट पुन्हा उभी राहते का, हेही करून पाहावं.

जानेवारी 2025 मध्ये राज्य सरकारनं आपल्या कार्यालयांना 100 दिवसांचा कार्यक्रम दिला, त्यातही वेबसाइट अद्ययावत करण्याचं काम होतं. अशी मोहीम संपते, पण वेबसाइट रोज बघावी लागते. म्हणून सरपंच, मुख्याध्यापक, संस्थांचे सचिव यांना माझी एकच विनंती आहे. निविदा काढण्यापूर्वी तो चार रकान्यांचा तक्ता भरा. ज्या पानापुढे जबाबदार माणसाचं नाव लिहिता येत नाही, ते पान सध्या बनवूच नका.