जुनी बोट आणि खाडीचं तोंड

आम्ही सिंधुदुर्गात खाडीफेरीची बोट चालवणाऱ्या गटातल्या बायका. आज बोलायचं आहे जुन्या, सपाट डेकच्या फायबर बोटीबद्दल. गटाच्या पैशांत नवी बोट बसत नाही, तेव्हा नजर अशा बोटीकडे जाते. घ्यायला हरकत नाही, पण आधी पारख हवी.

किनाऱ्यावर ठेवलेली बोट बघून सौदा करू नका, पाण्यात सोडायला लावा. रिकामी असतानाही ती खोल किंवा एका अंगाला कलून बसली, तर डेकखाली पाणी मुरलेलं असू शकतं. डेकवर अनवाणी चाला. पाय दबला तर आतलं लाकूड कुजलेलं असणार. इंजिन ज्या मागच्या फळीवर टांगतात, तिथे जोर लावून बघा. फळी हलली किंवा तडा दिसला, तर ती बोट नको. पाणी उपसणारा पंप चालवून बघा. नोंदणीचे कागद आणि किती माणसांची परवानगी आहे, हे स्वतः वाचा.

अशी रुंद बोट शांत पाण्यात घरच्या ओसरीसारखी वाटते, आणि तिथेच ती फसवते. तिची पुढची बाजू बुटकी असते. पाहुणे फोटोसाठी पुढे गोळा झाले की नाळ खाली जाते आणि लाट थेट डेकवर चढते. ते पाणी एका बाजूला धावलं की बोट कलते.

खाडीच्या तोंडाशी दुपारी जास्त जपायचं. दुपारी वारा समुद्रावरून आत येतो. त्याच वेळी ओहोटी असली तर पाणी बाहेर धावतं. दोघं समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. म्हणून भरती-ओहोटीची वेळ बघूनच फेऱ्या ठरवा.

लाटांत सापडलात तर सगळ्यांना मध्यभागी, थोडं मागे बसवा. कुणी उभं राहायचं नाही. वेग हळूहळू कमी करा. एकदम तोडला तर मागची लाट आत येते. इंजिन बंद करू नका. चाल गेली की बोट लाटेला आडवी होते. समोरची लाट जराशी तिरकी घ्या. वळायचं असेल तर मोठ्या लाटा जाऊ द्या आणि उसंत मिळाली की वळा.

लाइफ जॅकेट पेटीत नको. किनारा सोडण्यापूर्वीच अंगावर, बंद लावलेलं हवं. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. पाणी उलटल्यावर जॅकेट शोधायला वेळ देत नाही.

आता गटातली गोष्ट. काठावर पाहुणे पैसे काढून उभे असतात, "अजून दोघं बसतील की," म्हणतात. तेव्हा नाही म्हणायचं ओझं बोट चालवणारीवर एकटीवर टाकू नका. ठरावाच्या वहीत लिहून ठेवा: ती नको म्हणाली की फेरी नाही, आणि त्या दिवसाची तिची मजुरी कापायची नाही. मजुरी जाणार असेल, तर भरल्या घरची बाईसुद्धा लाटेकडे बघून "जाईल, जाईल" म्हणते.

आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर बोटीच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.