रिपोर्टातला ‘पॉझिटिव्ह’



धंतोलीत कुठल्याही दिवशी सकाळी दिसणारं एक दृश्य आहे. दवाखान्याच्या पायरीवर, औषधांच्या दुकानासमोर, ऑटोत बसल्या बसल्या माणसं मांडीवर फाइल उघडून रिपोर्ट वाचत असतात. कुणी चंद्रपूरहून आलेलं, कुणी गोंदियाहून, कुणी छिंदवाड्याहून. रिपोर्ट इंग्रजीत. त्यातला एकच शब्द ओळखीचा वाटतो, ‘पॉझिटिव्ह’. आणि काळजात धस्स होतं. अशाच एका ओळीविषयी आज बोलू या. ती ओळ म्हणजे ‘सीडी १९ पॉझिटिव्ह’.

आपल्या रक्तात ‘बी’ नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, तयार करण्याचं काम या पेशींच्या वंशाकडे आहे. ‘बी’ हे नाव मिळालं कोंबडीमुळे. कोंबडीच्या शेपटीजवळ ‘बर्सा’ नावाची छोटी पिशवी असते. ती काढून टाकली तर कोंबडीत प्रतिपिंडं नीट तयार होत नाहीत, हे अमेरिकेतल्या ब्रूस ग्लिक आणि टिमथी चँग यांनी १९५६ साली कुक्कुटशास्त्राच्या एका नियतकालिकात लिहिलं. त्या बर्साचा हा ‘बी’. माणसाला बर्सा नसतो. आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत, म्हणजे बोनमॅरोत जन्मतात.

अडचण अशी, की सूक्ष्मदर्शकाखाली बी पेशी आणि तिची बहीण टी पेशी अगदी सारख्या दिसतात. जुळ्या बहिणींना ओळखायचं कसं? तर कपाळावरच्या टिकलीवरून. प्रत्येक जातीच्या पेशीच्या पृष्ठभागावर काही खास प्रथिनं असतात. १९८२ पासून शास्त्रज्ञ त्यांना ‘सीडी’ आणि पुढे एक क्रमांक, अशी नावं देऊ लागले. ही सीडी म्हणजे गाण्याची तबकडी नव्हे. सीडी १९ ही बी पेशीची टिकली. बालपणापासून प्रौढपणापर्यंत ती बी पेशीवर असते. सीडी २० थोडी उशिरा उमटते. टी पेशीची टिकली वेगळी, सीडी ३.

ही टिकली डोळ्यांना दिसत नाही. ती दिसावी म्हणून प्रतिपिंडाचीच मदत घेतात. प्रतिपिंडाचा स्वभाव असा, की कुलपाला किल्ली बसावी तसं ते ठरलेल्या प्रथिनालाच चिकटतं. १९४१ साली हार्वर्डमध्ये आल्बर्ट कून्स आणि सहकाऱ्यांनी प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून दाखवला. पुढे १९७५ मध्ये केंब्रिजला कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्यातली प्रतिपिंडं हवी तेवढी बनवण्याची रीत शोधली. १९८४ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

आता प्रयोगशाळेत काय होतं ते पाहा. रक्ताच्या नमुन्यात सीडी १९ ला चिकटणारं रंगीत प्रतिपिंड घालतात, थोडा वेळ अंधारात ठेवतात, कारण उजेडात हे रंग फिके पडतात. मग नमुना फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रातून जातो. पेशी एकामागून एक, रांगेत, लेझरच्या झोतासमोरून सरकतात. जिच्यावर रंग चिकटला ती चमकते आणि यंत्र तिची नोंद घेतं. सेकंदाला हजारो पेशी मोजल्या जातात. वेगवेगळे रंग वापरून एकाच पेशीवरच्या अनेक टिकल्या एकदम पाहता येतात.

म्हणजे ‘सीडी १९ पॉझिटिव्ह’चा अर्थ एवढाच, की ही पेशी बी वंशाची आहे. निरोगी माणसाच्या रक्तातही अशा पेशी असतात, असायलाच हव्यात. रोग आहे की नाही, हे त्या एका शब्दावरून ठरत नाही. बी पेशींवर ‘कॅपा’ किंवा ‘लॅम्डा’ यांपैकी एक खूण असते. निरोगी रक्तात दोन्हींची सरमिसळ असते. बहुतेक साऱ्या पेशी एकाच खुणेच्या निघाल्या, तर त्या एकाच बिघडलेल्या पेशीची पिलावळ असल्याची शंका येते. शिवाय अपरिपक्वतेच्या खुणा, पेशींची संख्या, बोनमॅरोची तपासणी, रुग्णाची लक्षणं हे सगळं जुळवून डॉक्टर निदान करतात.

जी टिकली ओळख पटवते, तीच औषधाला पत्ताही सांगते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून ‘नेक्सकार १९’ हा उपचार उभा राहिला. रुग्णाच्याच टी पेशी काढून त्यांना सीडी १९ ओळखायला शिकवायचं आणि परत शरीरात सोडायचं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचं लोकार्पण केलं. बी पेशींचे काही कर्करोग इतर उपचारांना दाद देत नाहीत किंवा उलटतात, त्यांच्यासाठी तो आहे. परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात तो उपलब्ध झाला. तरी लाखांतला खर्च सामान्य घराला पेलणारा नाही, हेही खरं.

आणखी दोन गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. या टी पेशी निरोगी बी पेशीही मारतात, त्यामुळे रुग्णाला जंतुसंसर्ग जपावा लागतो. आणि कधी कधी कर्कपेशी आपली टिकलीच पुसून टाकते. मग तिला शोधायला प्रयोगशाळेला सीडी २२ सारख्या दुसऱ्या खुणा धुंडाळाव्या लागतात. म्हणून आधी कोणता उपचार झाला, हे तपासणीच्या अर्जावर लिहिणं फार महत्त्वाचं. नमुनाही वेळेत पोचला पाहिजे. मेलेल्या पेशींना कुठलंही प्रतिपिंड चिकटतं आणि यंत्र फसतं.

तेव्हा मंडळी, धंतोलीत असा रिपोर्ट हाती आला, तर त्या एका शब्दाने खचू नका. तो कागद, आधीचे सगळे कागद आणि मनातले प्रश्न घेऊन डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा, “यातल्या सगळ्या खुणा मिळून काय सांगतात?”