जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी



आज आपण लॅपटॉपविषयी बोलणार आहोत. बऱ्याच ग्रामसंघांकडे आता एखादा लॅपटॉप असतो. कुणी गटाच्या पैशातून घेतलेला, कुणाला संस्थेने दिलेला, कुणाच्या घरी मुलाने शहरातून जुना आणलेला. त्यावर मसाल्याची बिलं निघतात, कर्जफेडीचा हिशोब राहतो, पोरींचे शिष्यवृत्तीचे आणि भरतीचे फॉर्म भरले जातात. सहा-सात वर्षं झाली की तो कुरकुरायला लागतो. बटण दाबून चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळावा, तरी पडदा तसाच. बॅटरी दहा मिनिटांत मान टाकते. मग कुणीतरी म्हणतं, "आता हा गेला, नवीनच घ्या."

आमच्या ग्रामसंघातही हाच प्रश्न आला. लॅपटॉप 2018 सालचा. नव्याचा भाव काढला तर 40 हजारांच्या पुढे. एवढ्या रकमेत आमच्याकडे दोघी-तिघींचं शेळ्यांचं कर्ज उभं राहतं. म्हणून बैठकीत ठरलं, की आधी दुखणं कुठे आहे ते बघायचं आणि मग खर्चाचं बोलायचं. त्यातून जे शिकलो ते आज सांगतो.

लॅपटॉपच्या आत काय असतं ते आपल्या स्वयंपाकघरावरून समजून घेऊ. धान्याची कोठी असते, तशी लॅपटॉपची डिस्क. सगळे कागद, फोटो, हिशोब तिथे साठलेले असतात. दुसरा भाग म्हणजे रॅम, तो आपला ओटा. ज्यावर आत्ता काम चाललंय तेवढंच ओट्यावर मांडलेलं असतं. आणि प्रोसेसर म्हणजे रांधणारी बाई. ओटा वीतभर असेल आणि कोठी गल्लीच्या टोकाला असेल, तर बाई कितीही चटपटीत असली तरी तिचा दिवस येरझाऱ्यांतच जातो. जुन्या लॅपटॉपचं पुष्कळदा असंच असतं. रांधणारी धडधाकट असते, अडचण ओट्याची आणि कोठीची असते.

आता कोठी का रेंगाळते ते बघू. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते. तिच्यात एक तबकडी मिनिटाला साधारण 5,400 वेळा फिरते आणि एक बारीक दांडी तिच्यावरून सरकत माहिती शोधते. माहिती ठिकठिकाणी विखुरलेली असली की दांडीला सारखं इकडून तिकडे जावं लागतं, त्यात वेळ जातो. शिवाय धक्का लागला, लॅपटॉप चालू असताना आपटला, की तबकडी खराब होऊ शकते. एसएसडी नावाची डिस्क मिळते, तिच्यात फिरणारं काहीच नसतं. म्हणून ती झटपट चालते, आवाज करत नाही आणि धक्के जास्त सोसते. जुन्या लॅपटॉपला एकच गोष्ट करायची ऐपत असेल, तर आधी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. सगळ्यांत मोठा फरक तिथेच दिसतो.

पण आपल्या लॅपटॉपचं दुखणं तेच आहे का, हे दुकानात जाण्याआधी घरी बघता येतं. गावात एमएस-सीआयटी केलेली एखादी लेक असतेच, तिला बोलवा. लॅपटॉप सुरू करून दहा मिनिटं तसाच राहू द्या, कारण सुरुवातीला तो आपल्याच कामात असतो. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल. त्यात परफॉर्मन्स या पानावर डिस्क आणि मेमरी यांचे आकडे दिसतात. आपण काही करत नसताना डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांच्या आसपास चिकटून बसला असेल, तर कोठी थकली आहे. हिशोबाची फाईल आणि दोन-चार पानं उघडल्यावर मेमरीचा आकडा नव्वदीला पोचत असेल, तर ओटा अपुरा आहे. मेमरीच्या पानावरच रॅम किती आहे आणि तिच्या खाचा किती, त्यातल्या भरलेल्या किती, हे लिहिलेलं असतं. हे आकडे कागदावर उतरवून घ्या. दुकानदाराशी बोलताना तो कागद हातात असला की बोलणं सोपं जातं.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, फाईली उघडता उघडता अडकत असतील, तर मात्र तपासत बसू नका. ती डिस्क कधीही बंद पडू शकते. आधी सगळे हिशोब पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या.

रॅम वाढवताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली, काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम आतल्या पाटीवरच कायमची जोडलेली असते. जादा खाच नसेल तर ती वाढवता येत नाही. दुसरी, रॅमच्या पिढ्या असतात. डीडीआर थ्रीच्या जागी डीडीआर फोर बसत नाही, तिची खाचच वेगळ्या जागी असते. म्हणून लॅपटॉप सोबत न्या आणि उघडून बघितल्यावरच माल घ्या. तिसरी गोष्ट विंडोजची. लॅपटॉपमध्ये 32 बिटचं विंडोज असेल, तर ते 4 जीबीच्या वरची रॅम वापरूच शकत नाही. आधी 64 बिटचं टाकून घ्यायचं, नाहीतर रॅमचे पैसे वाया.

तिसरं दुखणं तापण्याचं. आपल्याकडे चुलीचा धूर, मिरची कांडपाची धूळ, गिरणीचं पीठ, सगळं पंख्यातून आत जातं आणि जाळीवर बसतं. हवा खेळत नाही, लॅपटॉप तापतो, आणि तापला की जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. पंखा घोंघावतो आणि काम मात्र होत नाही. अशा वेळी आतून साफ करून घ्यायचा आणि प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट बदलून घ्यायची. एवढ्यानेही फरक पडतो, आणि याला मजुरीच काय ती लागते. एक काळजी आपल्या हातातली. गोधडीवर, उशीवर लॅपटॉप ठेवू नका. खालची हवेची भोकं बुजतात. पाट घ्या, नाहीतर मोठं पुस्तक घ्या.

चौथी गोष्ट बॅटरी. ती काही वर्षांनी उतरतेच, त्यात कुणाचा दोष नाही. वीज जाणाऱ्या गावात बॅटरी बदलणं ही चैन नाही, कारण फॉर्मची शेवटची तारीख वीज येईपर्यंत थांबत नाही. पण एक धोका नीट ऐका. लॅपटॉपचं खालचं झाकण फुगलेलं दिसलं, किंवा बोटाने बाण हलवतो ती पट्टी वर उचललेली दिसली, तर आतली बॅटरी फुगली आहे. ती पेट घेऊ शकते. चार्जिंग ताबडतोब थांबवा, ती दाबू नका, टोचू नका, पोरांच्या हाती देऊ नका. जाणकाराकडून काढून घ्या.

आता आमचा खर्च. 256 जीबीची एसएसडी 1,900 रुपये, 8 जीबी रॅम 1,750, बॅटरी 2,100, साफसफाई आणि मजुरी 600. एकूण 6,350 रुपये. हे आमचं त्या वेळचं बिल आहे. या मालाचे भाव कांद्यासारखे खालीवर होतात, म्हणून दोन दुकानांत विचारून लेखी अंदाज घ्या. सगळं एकदम करायलाही हवं असं नाही. आधी डिस्क, पुढच्या तिमाहीत रॅम, असं टप्प्याने करता येतं.

दुकानात दोघीजणी जा. सोबत भाऊ किंवा मुलगा असला की दुकानदार त्याच्याकडेच बघून बोलतो, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे. प्रश्न आपण विचारायचे. लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कच्या जागी बसणारी अडीच इंची एसएसडी लागेल, की चपटी पट्टीसारखी लागेल? वॉरंटी किती वर्षांची? बॅटरी कोणत्या कंपनीची? पक्कं बिल गटाच्या नावाने घ्या, लेखापरीक्षणात ते दाखवावं लागतं. वॉरंटी असून कुणी दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर लक्षात ठेवा.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. काढलेली जुनी डिस्क दुकानात सोडू नका. ती आपली आहे, मागून घ्या. तिच्यात सभासदांच्या आधार कार्डाचे फोटो, पासबुकं, सह्या, कुणाचं किती कर्ज थकलंय, हे सगळं असतं. फाईल डिलीट केली म्हणजे ती पुसली गेली असं होत नाही, जाणकार माणूस ती परत काढू शकतो. बायकांनी विश्वासाने दिलेले कागद आहेत ते. डिस्क चांगली असेल तर तिला यूएसबीचं एक छोटं कव्हर मिळतं. त्यात घालून ती पेन ड्राइव्हसारखी वापरता येते. आम्ही तिच्यावर दर महिन्याला हिशोबाची नक्कल उतरवतो आणि ती दुसऱ्या ताईच्या घरी ठेवतो. एका घरात पाणी शिरलं, चोरी झाली, तरी गटाचा हिशोब शाबूत राहील.

आणि हो, दुकानात जाण्याआधी हिशोबाची एक नक्कल पेन ड्राइव्हवर घेऊन ती घरीच ठेवा. लॅपटॉप दुरुस्तीला गेला की आतला मजकूर परत मिळेल याची हमी कुणी देत नाही.

एक अडचण मात्र यंत्राचे भाग बदलून सुटत नाही. विंडोज 10 ला मिळणारी मोफत सुरक्षा दुरुस्ती 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली. लॅपटॉप त्यानंतरही चालतो, पण नवी छिद्रं बुजवली जात नाहीत. बँकेचं काम करणाऱ्यांनी हे गांभीर्याने घ्यावं. विंडोज 11 जुन्या यंत्रांवर चालेलच असं नाही, त्याला विशिष्ट सुरक्षा चिप आणि त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी दुकानदाराला विचारा, "आमच्या लॅपटॉपवर विंडोज 11 चालेल का?" उत्तर नाही असं आलं, तर लिनक्स मिंट किंवा उबुंटू यांसारखी मोफत प्रणाली टाकता येते. तिच्यावर मराठी टाईप होतं, हिशोबाचे तक्ते होतात, इंटरनेट चालतं. मात्र तुमचा प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, किंवा टॅलीसारखं हिशोबाचं सॉफ्टवेअर तिच्यावर चालेल का, हे आधी तपासा. आधी पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते, मूळ विंडोजला धक्का न लावता. चाललं तरच पुढे जा.

आणि कुठे थांबायचं हेही ठरवून ठेवा. मुख्य पाटी म्हणजे मदरबोर्ड जळला असेल, पडदा फुटला असेल आणि बिजागऱ्याही तुटल्या असतील, तर दुरुस्तीत पैसे ओतू नका. आम्ही आमच्यापुरता नियम केला आहे, की दुरुस्तीचा खर्च नव्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर गेला तर थांबायचं. तुम्ही बैठकीत बसून तुमचा नियम ठरवा आणि तो इतिवृत्तात लिहा, म्हणजे पुढच्या वेळी वाद नको.

जो लॅपटॉप खरंच संपला, तो उकिरड्यावर टाकू नका आणि तारांसाठी जाळू तर नकाच. त्याचा धूर विषारी असतो, आणि तो आपल्याच पोरांच्या छातीत जातो. ई-कचऱ्यासाठी 2022 चे नियम आहेत, ते 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच तो द्यायचा. तालुक्याला जाणाऱ्या तीन-चार गटांनी मिळून साठवून दिला तर खेप परवडते.

आमचा तो 2018 चा लॅपटॉप आता मिनिटाच्या आत सुरू होतो. वीज गेली तरी पोरींचा फॉर्म अर्धवट राहत नाही. जे पैसे वाचले ते बँक खात्यात आहेत, आणि त्यातून कुणाला कर्ज द्यायचं हे पुढच्या बैठकीत ठरेल.

तुमच्या पुढच्या बैठकीत एवढंच करा. लॅपटॉप मध्ये ठेवा, ती तीन बटणं दाबा, दोन आकडे वहीत लिहा आणि हिशोबाची नक्कल काढून ठेवा. याला एक रुपयाही लागत नाही. पुढचा निर्णय तो कागद समोर ठेवून सगळ्यांनी मिळून घ्या.