कॉस्टफोर्डचे धुरीण

१९८५ साली केरळात त्रिशूर येथे ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था स्थापन झाली. तिच्या धुरिणांत माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन, अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज आणि बर्मिंगहॅमचे वास्तुविशारद लॉरी बेकर होते. सत्ता सोडल्यावर विटामातीत मन रमविणारा राजकारणी आपल्याकडे विरळाच!

बेकरांच्या विचाराचे बीज मुंबईचे. महायुद्धाच्या काळात तेथे बोटीची वाट पाहत असता त्यांची गांधीजींशी भेट झाली. घर पाच मैलांच्या परिसरातील साहित्यातून बांधावे, हा गांधीविचार त्यांनी जन्मभर जपला. विटा कडेवर उभ्या रचून भिंतीत पोकळी ठेवली, की सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि कोंडलेली हवा उन्हाची धग अडविते. छताच्या ज्या भागात काँक्रीट नुसते ओझे होते, तेथे मंगळुरी कौले बसतात. वीट, सिमेंट, पोलाद या साऱ्यांपाठी इंधन जळते. ते तेवढे वाचते.

मात्र ‘स्वस्त घर ते गरिबाचे’ ही समजूत घट्ट होती. तिला उत्तर आधीच उभे होते. राज यांनी १९७१ मध्ये, मेनन मुख्यमंत्री असताना, तिरुअनंतपुरमला विकास अध्ययन केंद्र स्थापन केले. त्याची वास्तू बेकरांनी याच पद्धतीने बांधली. तेथील विद्वानांचे ग्रंथालय म्हणजे गिलावा नसलेल्या विटांचा उंच मनोरा आहे.