घरातील चित्रगृह आणि ऐकू न येणारे संवाद



ज्या व्यासपीठावरून संतवाङ्मय आणि अर्थकारण ह्यांवर बोलावयाचे, तेथे आम्ही स्पीकरच्या तारांची कथा घेऊन उभे आहो ह्याचे काहींना नवल वाटेल. परंतु आज पुष्कळांच्या दिवाणखान्यात टीव्हीभोवती पाच स्पीकर आणि कोपऱ्यात एक सबवूफर अशी मांडणी असते, आणि एवढे करूनही पात्रे काय बोलतात ते कळत नाही, अशी तक्रार असते.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आमचे थोरले बंधू, वय वर्षे ७८, रात्री सर्वांबरोबर चित्रपट पाहावयास बसत. हळूहळू ते बसेनासे झाले. "तुमच्या त्या पेटाऱ्यातून धडामधुडूम तेवढे ऐकू येते, माणसांचे बोलणे नाही," असे म्हणत आणि आपल्या खोलीत निघून जात. दादांचे कान गेले, असा निवाडा घराने एकमताने देऊन टाकला. तपासणीही झाली. उतारवयात वरच्या पट्टीचे स्वर कमी ऐकू येतात, तेवढे होतेच. परंतु समोर बसून बोलले की त्यांना सर्व समजे! तेव्हा कुठे आम्ही दादांवरची नजर काढून यंत्राकडे वळवली.

चित्रपटातील संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात. हा स्पीकर आम्ही टीव्हीखालच्या कपाटात, पार आत, एका शोभेच्या हत्तीमागे ठेवला होता. त्याचे तोंड ऐकणाराच्या गुडघ्यांकडे, आणि कप्प्याच्या फळ्या त्याच्याबरोबर घुमत. आता स, श, च, त ह्या व्यंजनांची ओळख वरच्या कंपनांत असते. ती कंपने सरळ जातात, आडोसा आला की अडतात. म्हणून बोलणे ऐकू येते, शब्द कळत नाही. तरुण कान गाळलेली अक्षरे भरून घेतो. म्हाताऱ्या कानाला ते जमत नाही. आम्ही हत्ती उचलला, स्पीकर कप्प्याच्या कडेपर्यंत ओढला आणि पुढच्या बाजूखाली रबराचा तुकडा देऊन त्याचे तोंड कानाकडे केले. निम्मे काम इथेच झाले. खर्च शून्य.

मग टेप घेऊन अंतरे मोजली. पुढचे स्पीकर आमच्या बैठकीपासून १० फूट, मागचे ४ फूट. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका फुटाला जवळजवळ १ मिलिसेकंद लागतो. मागचा आवाज ५ मिलिसेकंद आधी पोचणार. एवढ्याशाने काय होते, असे आपण म्हणाल. हेल्मुट हास ह्या जर्मन संशोधकाने १९४९ साली ह्याच गोष्टीचा अभ्यास केला: तोच ध्वनी दोन ठिकाणांहून आला, तर जो किंचित आधी येतो त्याच्याकडून तो आला असे मन धरून चालते. म्हणून खरी अंतरे यंत्रात भरावीत. जवळच्या स्पीकरला ते आपण होऊन थांबवून धरते. आमच्या पुतण्याने मागच्या स्पीकरना "उशिरा यावेत" म्हणून अंतर वाढवून लिहिले होते. परिणाम नेमका उलटा!

त्यानंतर चाचणीचा खरखराट लावून प्रत्येक स्पीकरचा आवाज बैठकीच्या जागी सारखा केला. मोबाइलमधला ध्वनिमापक तुलनेपुरता चालतो. घरात वृद्ध माणूस असेल तर मधला स्पीकर २-३ डेसिबेल चढवला म्हणून शास्त्र रागावत नाही.

सबवूफर हे प्रकरण निराळे. १४ फूट लांबीच्या खोलीत सेकंदाला सुमारे ४० कंपनांचा खर्ज समोरासमोरच्या भिंतींशी फुगतो आणि मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. दादांची खुर्ची भिंतीला टेकून, सबवूफर कोपऱ्यात. बिचारे त्या लोंढ्यातच बसत, आणि खर्जाचा लोंढा वरच्या अक्षरांना झाकून टाकतो. ह्यावर युक्ती अशी: सबवूफर आपल्या खुर्चीच्या जागी ठेवावा, खर्जाचे वादन लावावे आणि आपण भिंतीकडेने रांगत ऐकत जावे. जिथे खर्ज स्वच्छ ऐकू येईल तिथे सबवूफर न्यावा. आम्ही रांगत असताना शेजारचे गृहस्थ साखर मागावयास आले होते, असो.

आता बिघाडाविषयी. आवाज पोकळ वाटू लागला, खर्ज पातळ झाला, तर एखाद्या स्पीकरच्या लाल-काळ्या तारा उलट्या लागल्या आहेत का पाहावे. एक स्पीकर खरखरत असेल तर यंत्र बंद करून यंत्राकडच्या टोकाला डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करावी. खरखर दुसऱ्या स्पीकरमध्ये गेली तर दोष यंत्रात किंवा त्याच्याही मागे. जागीच राहिली तर तारेत किंवा स्पीकरमध्ये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर रोग कोणता आणि गुण कशाने आला, दोन्ही कळत नाही.

सतत 'घूं' असा आवाज येत असेल तर प्रथम केबलची किंवा छतावरच्या डिशची तार काढून पाहावी. घूं थांबली तर ती तार आणि विजेची जोडणी ह्यांच्यामध्ये अर्थिंगचा फेरा तयार झाला आहे असे समजावे, आणि त्या तारेवर त्यासाठी मिळणारा आयसोलेटर बसवावा. काही कारागीर प्लगची तिसरी, जाड पिन मोडून घूं बंद करतात. तसे कोणालाही करू देऊ नये. ती पिन जिवाच्या रक्षणासाठी आहे.

दादा पहिल्या रात्री शेवटपर्यंत बसले. कुजबुजीचे प्रसंग त्यांना अजूनही सुटतात, तेव्हा खाली अक्षरे लावतो. पण चित्रपट संपल्यावर त्यांनी नायकाच्या वकिलाने केलेल्या दोन चुका काढल्या, त्याही संवादांतल्या. ज्यांच्या घरी ही घूं ऐकू येते त्यांनी आता प्रश्न विचारावेत. अध्यक्षांनी दहा मिनिटे दिली आहेत.