टारफुला आणि बटाईचा करार

सुरतच्या भेस्तान, पांडेसरा, उधना भागातल्या कितीतरी मराठी कुटुंबांची शेती अजून धुळे, जळगाव, नंदुरबारकडे आहे. काहींनी ती बटाईने दिली आहे. त्यांच्यासाठी आज पिकांच्या फेरपालटीचा हिशेब.

ज्वारीवर पुन्हा ज्वारी घेतली की टारफुला बळावतो. हे तण ज्वारीच्या मुळांना चिकटून अन्नरस शोषतं. त्याची फुलं दिसतात तोवर जमिनीखाली नुकसान होऊन गेलेलं असतं, त्यामुळे उशिराच्या निंदणीची मजुरी बरीचशी वायाच जाते. एका झाडाच्या हजारो बारीक बिया मातीत दहा-दहा वर्षं तग धरतात. कापूस किंवा भुईमुगाच्या मुळांतला पाझर मात्र या बिया उगवायला लावतो आणि पोसणारं मूळ न मिळाल्यानं त्यांची रोपं मरतात. म्हणजे कापसाचं उत्पन्न हाती येतंच, शिवाय पुढच्या ज्वारीचं शेत काही प्रमाणात स्वच्छ होतं.

रोगाचं गणित जरा कठीण. हरभऱ्याच्या मर रोगाची बुरशी पीक नसतानाही सहा वर्षांपर्यंत जमिनीत टिकते. तिथे फेरपालटीला रोगप्रतिकारक वाणाची जोड हवीच.

खरी अडचण कराराची आहे. फेरपालटीचा फायदा पुढच्या हंगामात मिळतो आणि बटाईदाराला जमीन एकाच वर्षासाठी मिळते. तो आज भाव असलेलंच पीक घेणार, यात त्याचा दोष नाही. तेव्हा मंडळी, येत्या अक्षय्यतृतीयेला गावी गेलात तर निदान तीन वर्षांचा करार करा, आणि पिकांचा क्रम दोघांनी मिळून ठरवा.